शनिवारच्या शिपायांचा बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. अंघोळीचे पाणी तापवणारा बंब तुम्ही पाहिला असेल. मी त्याचाच लांबचा भाऊ. पोटातून वर जाणारी नळी, नळीत निखारे, भोवती पाणी आणि खाली पितळी तोटी. फरक एवढाच, की माझ्यातल्या पाण्याने कधी कुणी अंघोळ केली नाही. माझ्या पाण्याचा चहा व्हायचा. एकदा छावणीत एका शिपायाने आपले मोजे माझ्यात उकळून काढले होते, पण त्या प्रकाराबद्दल त्याला शिक्षाही झाली आणि पुढे तीस वर्षे ‘मोजेवाला’ हे नावही चिकटले.

माझा जन्म स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या किनार्डी गावात झाला. एबेन सूटर नावाच्या तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. फ्रेंच लोक समुद्रावरून चाल करून येणार अशी आवई तेव्हा उठली होती आणि गावोगावी माणसे आपण होऊन कवायत शिकत होती. किनार्डीतही पलटण उभी राहिली. पलटण म्हणायचे, पण त्यात सगळे गिरणीत माग चालवणारे, पाव भाजणारे, बूट शिवणारे आणि शाळेत शिकवणारे लोक. आठवडाभर आपापले काम करायचे आणि शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की करड्या रंगाचा डगला चढवून रांगेत उभे राहायचे. सुरुवातीला बंदुका पुरल्या नाहीत. तेव्हा अर्धी रांग झाडूचे दांडे खांद्यावर घेऊन चालत असे. रस्त्यावरची पोरे मागून ओरडत, “शनिवारचे शिपाई, सोमवारी सुताला गाठी देई.”

सूटर स्वतःही त्या रांगेत होता. तो म्हणायचा, “बंदूक आज ना उद्या येईल. पण चालून चालून घसा सुकलाय त्याचं काय?” म्हणून त्याने मला घडवले आणि पलटणीला देऊन टाकले. माझ्या बुडाशी त्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरले. ते अजून आहे.

फ्रेंच काही आले नाहीत. पलटण मात्र मोडली नाही. माणसांना तिची सवय झाली होती. दर उन्हाळ्यात टेकडीवर छावणी पडे, नेमबाजीच्या शर्यती होत, बायका शिंगाड्यासारख्या दिसणाऱ्या टोप्यांना हसत आणि तरीही त्या टोप्यांना घासूनपुसून लखलखीत करत. मी बैलगाडीतून नव्हे, घोडागाडीतून, पेंढ्यात गुंडाळून छावणीवर जात असे. मला वाटायचे, हे असेच चालणार.

मग एकदा राजधानीत राणीपुढे मोठे संचलन झाले. देशभरातल्या अशा हौशी पलटणी तिथे जमल्या. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत धो धो पाऊस कोसळला. राणीपुढे नीट दिसावे म्हणून मोठे कोट घालायला परवानगी नव्हती. सूटर तेव्हा म्हातारा झाला होता, पण रांग सोडायला तयार नव्हता. परतीच्या आगगाडीच्या डब्यात मी त्याच्याच पायाशी होतो. तो थरथरत होता. कोळसा भिजलेला, काड्या भिजलेल्या. कुणी मला पेटवू शकले नाही. ज्याने मला उष्णता साठवायला घडवले, त्याला मी घोटभर गरम पाणी देऊ शकलो नाही. पंधरवड्यात न्यूमोनियाने तो गेला. आमच्या पलटणीचा पहिला माणूस असा पावसाने नेला, शत्रूने नव्हे.

पुढे कवायतीसाठी दगडी इमारत झाली. सगळे तिला नुसते ‘हॉल’ म्हणत. मला तिथे कोपऱ्यात कायमची जागा मिळाली. सरकारने पलटणीचे नाव बदलले, तिला प्रादेशिक सेनेत घातले आणि नवे गणवेश दिले. माणसे तीच होती. फार तर त्यांची मुले.

हॉलची देखभाल ग्रिझेल मॉफट नावाची बाई करत असे. तिचा नवरा आधी हे काम करायचा. तो वारल्यावर किल्ल्या तिच्याकडे आल्या. ती कमी बोलायची आणि मला राखेने व चिंचेऐवजी व्हिनेगरने घासायची. तिचा एकुलता मुलगा पीटर गिरणीत यंत्रे दुरुस्त करत असे आणि शनिवारी पलटणीत असे. त्याच्या शेजारी रांगेत उभा राहायचा वॉटी डल्गीश, गावातला बेकरीवाला. वॉटी जाडजूड, सपाट तळव्यांचा, आणि जिभेचा तिखट. कवायतीनंतर तो खिमा भरलेल्या कुरकुरीत वाट्या घेऊन येई आणि म्हणे, “मॉफटबाई, तुमच्या चहात आणि गिरणीच्या रंगाच्या पाण्यात एकच फरक आहे. गिरणीचं पाणी गरम नसतं.”

“मग गिरणीतच जाऊन पी,” मॉफटबाई कप भरता भरता म्हणायची.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस तेच होते. ते चांगले आहेत हे तेव्हा कळत नव्हते.

महायुद्ध सुरू झाले ते ऐन उन्हाळ्यात. पलटणीला ताबडतोब बोलावणे आले. एका संध्याकाळी हॉलमध्ये सगळे रांगेत उभे होते. कॅप्टन लोरिमर हा एरवी गावातला शाळामास्तर. रांगेतल्या निम्म्या लोकांना त्याने पाढे शिकवले होते. तो समोर आला आणि वर्गात बोलावे तसे बोलला.

“तुम्ही शब्द दिलाय तो आपल्या घराच्या रक्षणासाठी. समुद्रापलीकडे जाऊन लढायची तुमच्यावर सक्ती नाही. ज्यांना जायचं नाही त्यांनी आहे तिथेच थांबावं. कुणी त्यांना काही म्हणणार नाही. बाकीच्यांनी एक पाऊल पुढे या.”

“कुणी काही म्हणणार नाही म्हणे,” वॉटी ओठांतल्या ओठांत पुटपुटला. “मास्तरांनी माझी सासू पाहिलेली नाही.”

दोघेतिघे हसले. मॉफटबाई माझ्याजवळ कप पुसत उभी होती. तिची नजर पीटरच्या बुटांवर होती. पीटरच्या बायकोला, ऐल्सीला, तेव्हा दिवस गेलेले होते. क्षणभर कुणीच हलले नाही. मग सगळी रांग एकदम पुढे सरकली. फरशीवर बुटांचा एकच आवाज झाला. मागे कुणी उरले नाही.

रांग मोडल्यावर पीटर चहाला आला. मॉफटबाईने त्याला कप दिला आणि हळू आवाजात विचारले, “का गेलास पुढे?”

“मागे कोण राहणार होतं, आई?”

“तू राहिला असतास. मास्तर म्हणाले ना, सक्ती नाही.”

“सक्ती नव्हतीच. पण उद्या सकाळी वॉटीच्या दुकानात पाव आणायला कोणत्या तोंडाने गेलो असतो?”

तिने तोटीखाली दुसरा कप धरला आणि तो भरून वाहू लागला तरी तिने तोटी बंद केली नाही.

ते गेले त्या दिवशी मला हातगाडीवर घालून स्टेशनवर नेले. फलाटावर सगळा गाव लोटला होता. चहा प्यायला पुरेसा वेळ मिळाला नाही. शिट्टी झाली तेव्हा कितीतरी जणांच्या हातांत हॉलचे कप होते, ते तसेच गाडीत गेले. कुणीतरी म्हणाले, “मॉफटबाई, तुमचे कप चालले.”

“जाऊ देत,” ती म्हणाली. “येताना आणतील.”

वर्षभर बातम्या बऱ्या होत्या. ऐल्सीला मुलगा झाला, त्याचे नाव डंकन ठेवले. मग शरद लागता लागता एके दिवशी गावातला पाद्री काळा कोट घालून गिरणीच्या चाळींतून फिरू लागला. एका दारातून निघून तो शेजारच्या दाराशी थांबे. मग त्याच्या शेजारच्या. पलटण एका गावची असली, की तिच्यावर ओढवलेली एक सकाळ एका गल्लीवर येऊन पडते. खिडक्यांचे पडदे एकामागून एक खाली आले. काहींना मृत्यूची बातमी मिळाली. पुष्कळांना नुसतेच ‘बेपत्ता’ कळवले गेले. पीटर मॉफट बेपत्ता होता.

बायका हॉलमध्ये येऊ लागल्या. तिथे काही कळणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण घरी बसवत नव्हते. मॉफटबाई सकाळी मला पेटवायची आणि अंधार पडेपर्यंत विझू द्यायची नाही. कुणी रडत नव्हते. कप हातात धरून बसायच्या, चहा गार व्हायचा, तो ओतून पुन्हा गरम घ्यायच्या. मी उकळत राहिलो. त्यापलीकडे मला काही येत नव्हते.

थंडी सुरू झाली तेव्हा वॉटी डल्गीश परत आला. किनार्डीच्या तुकडीतला घरी आलेला तो पहिलाच. अंग निम्मे झाले होते आणि उजवी बाही खांद्याशी दुमडून टाचलेली होती. तो हॉलमध्ये येणार हे सगळ्यांना आधीच कळले होते. बाके भरून गेली होती.

त्याला बसूही दिले नाही. अँगस रेच्या आईने पहिला प्रश्न केला. “वॉटी, माझा अँगस तुझ्याच तुकडीत होता ना? तो कुठे होता शेवटी?”

“मला माहीत नाही, रेबाई.”

“माहीत नाही म्हणजे? तू तिथे होतास.”

“होतो.”

“मग?”

“धूर होता. शिट्टी झाली, खंदकाच्या शिडीवरून वर चढलो. थोडं चाललो असेन. मग काहीतरी लागलं आणि मी खड्ड्यात पडलो. दिवसभर तिथेच होतो. वर आभाळ तेवढं दिसत होतं.”

“आणि आमचा विली?” मागून एकीने विचारले. “त्याचा आवाज तर कुठूनही ओळखू येतो.”

“सगळे आवाज सारखेच येत होते.”

“तू लपवतोयस.”

“नाही लपवत. लपवायला काहीतरी ठाऊक असावं लागतं.”

मित्रांनो, तो खोटे बोलला असता तर फार बरे झाले असते, असे मला वाटले. अँगसला काही कळले नाही, विली हसत होता, असे काहीही. त्या सगळ्या जणी तेच मागत होत्या. पण वॉटीची तिखट जीभ कुठेतरी राहिली होती आणि खोटे रचायला जी उसंत लागते ती त्याच्यापाशी नव्हती. रेबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

“अख्ख्या गावातून एक तू परत आलास,” ती म्हणाली, “आणि तुला काही ठाऊक नाही.”

वॉटीने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण बाजारात चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

“पुरे,” मॉफटबाई म्हणाली. “त्याला बसू द्या आधी.”

तिने त्याला माझ्याजवळच्या स्टुलावर बसवले आणि कप दिला. डावा हात त्याच्या सवयीचा नव्हता. चहा गुडघ्यावर सांडला. तिने कप परत घेतला, अर्धा रिकामा केला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या ओठांशी धरला. इतर बायका बघत राहिल्या. मग एकेक करून उठल्या. रेबाई सर्वांत शेवटी गेली. दाराशी थांबून तिने मागे पाहिले आणि गेली.

हॉलमध्ये तिघेच उरलो. मॉफटबाईने बराच वेळ नुसते कप विसळले. मग मागे न वळता तिने विचारले, “तुझ्या पुढे कोण होतं, वॉटी?”

“पीटर,” तो म्हणाला. “मी फक्त पाठ पाहिली, बाई. देवाशपथ.”

“पाठच सांग.”

“पाठीवरच्या पिशवीचा पट्टा पिळलेला होता. डाव्या खांद्यावर. शिट्टीच्या आधी त्याला सांगणार होतो, राहून गेलं.”

तिने विसळलेला कप पालथा घातला. “शाळेत जातानाही तसाच असायचा,” ती म्हणाली. “मी सरळ करून द्यायची. कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा पीळ.” मग तिने विचारले, “चालत होता?”

“हो. मी पडलो तेव्हा तो चालत होता.”

तिच्या वाट्याला तेवढेच आले. चालत जाणारी एक पाठ. पीटरचा पत्ता पुढेही लागला नाही. युद्ध संपल्यावर चौकात दगड उभा राहिला, त्यावर त्याचे नाव कोरले गेले. अँगसचे, विलीचे आणि कॅप्टन लोरिमरचेही. वॉटीला कणीक मळता येत नव्हती म्हणून बेकरी विकावी लागली. तो दर शनिवारी हॉलमध्ये येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसे. मॉफटबाई त्याला अर्धा कप देई, सांडू नये म्हणून. तो मरेपर्यंत हे चालले. एकदा रेबाईने त्याच्यासाठी लोकरीचा हातमोजा विणून आणला. एकच, डाव्या हाताचा. ती माफी मागायची पद्धत होती, हे त्याला कळले असावे. तो म्हणाला, “दुसरा कधी हरवणार नाही, ही सोय आहे.” रेबाईला हसू आले आणि मग ते आवरेना.

पलटण पुन्हा भरली. गावांना आठवण असते, पण पोरे वाढतात. डंकन मॉफट वाढला, बापासारखाच गिरणीत लागला आणि दुसऱ्या युद्धाची चाहूल लागली तेव्हा त्यानेही पलटणीत नाव घातले. त्याची आजी, म्हणजे आमची मॉफटबाई, तेव्हा खूप थकली होती, पण किल्ल्या तिने सोडल्या नव्हत्या. डंकन नवा गणवेश घालून तिला दाखवायला आला.

“आजी, काही बोलणार नाहीस?”

“मी बोलून राहशील?”

“नाही.”

“मग वळ तिकडे.”

तो वळला. तिने त्याच्या पाठीवरचा पट्टा चाचपला. तो सरळच होता. तरी तिने बक्कल सोडले, पट्टा पुन्हा ओढून घेतला आणि पुन्हा लावला. मग आणखी एकदा तसेच केले. डंकन निमूट उभा राहिला. त्याला कुणी ती गोष्ट सांगितली होती की नाही, मला ठाऊक नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमची पलटण फ्रान्समध्ये समुद्राच्या काठावर कोंडली गेली. पाठीशी समुद्र, न्यायला जहाजे येणार होती. दाट धुके पडले आणि जहाजे किनाऱ्याला लागू शकली नाहीत. दारूगोळा संपला. सगळीच्या सगळी पलटण शत्रूच्या हाती गेली. डंकन पाच वर्षे कैदेत होता. मॉफटबाई त्याची वाट पाहत राहिली आणि युद्ध संपायच्या आधीच्या हिवाळ्यात वारली. शेवटच्या आठवड्यातही तिने मला घासले होते. हात पुरत नव्हता, म्हणून वरचा भाग तसाच राहिला.

डंकन आला तो सरळ हॉलमध्ये आला. पाठीवर काही नव्हतेच. बाकांवर माणसे होती, पण यावेळी कुणी त्याला काही विचारले नाही. गाव तेवढे शिकले होते. तो वॉटीच्या स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि मग म्हणाला, “आजीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?”

पुढची वीसेक वर्षे त्या त्याच्याकडे राहिल्या. गिरणी बंद पडली, तरुण लोक शहरांकडे गेले, शनिवारची रांग आखूड होत गेली. शेवटी वरून हुकूम आला, की पलटण दुसऱ्या पलटणीत विलीन केली आहे आणि किनार्डीचा हॉल विकायचा आहे. शहरातून एक तरुण मेजर आला. त्याने सामानाची वाटणी लावली. झेंडा चर्चमध्ये, चांदीचे चषक शहरात, बाके लिलावात. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “हे भंगारात.”

“साहेब, हा मी घरी नेला तर चालेल का?” डंकनने विचारले.

“मॉफट, माझ्या हातात असतं तर आत्ता दिला असता. पण सामान कुणाला देता येत नाही. मला वाईट वाटतं.”

त्याला खरेच वाईट वाटत होते. त्यालाही काही करता येत नव्हते. डंकनने माझ्यातली राख काढली, नळी पुसली, तोटी घट्ट बंद केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. हॉलमध्ये आता गालिचांचे दुकान आहे.

मी कुठल्या कुठल्या गोदामांत पडून राहिलो. बुडाला चीर गेली. भंगारवाल्याने मला वितळवले नाही, याचे कारण एवढेच, की मी त्याच्या ढिगाच्या तळाशी होतो. पुढे गावात छोटे वस्तुसंग्रहालय निघाले आणि कुणीतरी मला तिथे आणून ठेवले. आता मी दोरीच्या आत उभा आहे. समोर पाटी आहे: ‘चहाचा बंब. हात लावू नये.’

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला तसे म्हणावेसे वाटत नाही. तांबे पुष्कळ टिकते. पण तुमच्या गावात कुणी दुरून, वाईट जागेवरून परत आले आणि त्याला काही सांगता येत नसेल, तर त्याच्याभोवती घोळका करू नका. आधी बसायला जागा द्या. हातात काही गरम द्या. त्याचा हात कापत असेल तर कप अर्धाच भरा. तो कधी बोलेल, कधी बोलणारही नाही. दोन्ही चालवून घ्या.

डंकन मॉफट आता म्हातारा आहे. दर शनिवारी तो इथे येतो आणि समोरच्या बाकावर बसतो. तिकिटे देणारी मुलगी त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेत नाही. गेल्या शनिवारी बाहेर बर्फ पडत होते. ती म्हणाली, “मिस्टर मॉफट, पलीकडच्या खोलीत हीटर आहे. इथे गारठून जाल.”

“जातो थोड्या वेळाने, पोरी.”

तो गेला नाही. उठला, दोरी ओलांडली आणि आपला तळहात माझ्या पोटावर ठेवला. मुलीने पाहिले. तिने पाटीकडे पाहिले, मग तोंड फिरवून ती खिडकीबाहेरचे बर्फ बघत उभी राहिली. मी त्याच्यासाठी काही करू शकत नव्हतो. माझ्यात विस्तव नव्हता, पाणी नव्हते, धरून ठेवायला धड बूडही नव्हते. मी थंडगार आहे, हे त्याला हात लावताच कळले असणार.

तरी त्याने हात काढला नाही.